चालण्याआधीची विश्रांती

माझ्या आजाराची पहिली खबर मला यजमानांनी दिली. ते अंगणात बसून पोत्यांची फाटकी तोंडं शिवत होते आणि मी मागच्या दाराने पाण्याची बादली घेऊन येत होते. मान वर न करता ते म्हणाले, "काय वं, चप्पल कायले घासून राहिली?"

"कुठं घासते? ढिली झाली असन."

"ढिली नाही. तू उजवा पाय उचलत नाही. लय दिवसापासून ऐकून राहिलो मी."

मी हसून पुढे गेले. माझ्या चालण्याला कोणी नाव ठेवावं, हे मला नवीनच होतं. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या आसपासची कितीतरी गावं माझ्याकडे होती. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. खांद्यावर लसीचा डबा आणि हातात छत्री घेऊन धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, त्या अरुंद बांधांवरून, मी अख्खी नोकरी चालले. पुढे स्कूटी घेतली, पण पावसाळ्यात ती कुठेतरी झाडाखाली ठेवून शेवटी पायच कामाला यायचे. धानाची रोवणी करणाऱ्या बाया लांबूनच ओळखायच्या, "नर्सबाई येऊन राहिली." चेहरा दिसायच्या आधी चाल ओळखायच्या.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात ती चाल बिघडली. उजवा हात चालताना हलेनासा झाला, अंगाला चिकटून राहू लागला. ब्लाऊजचे हूक लावताना बोटं ऐकेनात. मी गुडघ्यांना दोष दिला, मग वयाला दिला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला लांब ओसरीत चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला सांगितली, मनगट हातात धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "पार्किन्सन आहे, म्हणजे कंपवात. औषध आहे, घाबरू नका."

प्रशिक्षणात हा शब्द मी शिकले होते. तेव्हा डोळ्यांपुढे थरथरत्या हाताचा एखादा म्हातारा यायचा. मी त्यात कुठे बसते, ते मला कळेना. परतताना यजमानांनी एसटीत शेंगदाण्याची पुडी घेतली. मग म्हणाले, "पण तुहा हात तं कापत नाही. मंग कंपवात कसा?"

"सगळ्याईचा नाही कापत म्हणे."

"मंग बरं आहे," ते म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी माझ्या पुढे केली. त्या दिवशी एवढ्यावरच विषय थांबला.

गोळ्यांनी पहिली काही वर्षं चांगली गेली. गोळी घेतली की थोड्या वेळाने अंग मोकळं व्हायचं, एखाद्याने आतून गाठ सोडावी तसं. संध्याकाळी मी गावाबाहेरच्या बोडीपर्यंत, म्हणजे आमच्या लहान तळ्यापर्यंत, जाऊन यायचे. काठच्या पाळीवर बसून बगळे पाहायचे आणि परत यायचे. यजमानांनी मोबाईलवर गोळ्यांच्या वेळा लावून ठेवल्या होत्या. गजर झाला की ते शेतात असले तरी फोन करायचे, "घेतली का?"

मग दिवस सारखे राहीनासे झाले. तीच गोळी, तीच वेळ, तोच भात आणि लाखोरीची डाळ. तरी एक दिवस मी बोडीपर्यंत सहज जायची आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटायचे. वरचं शरीर पुढे जायला निघालेलं असायचं, पाय मागे राहिलेले असायचे. आम्ही दोघं गोळीचाच हिशेब लावत बसायचो. डाळ जास्त झाली म्हणून गोळी लागली नाही का, गोळी उशिरा घेतली का, पाणी कमी पडलं का.

त्याहून वाईट थकवा होता. हा थकवा मला ओळखीचा नव्हता. आयुष्यभर मी दमले होते, बाळंतपणं करून, उन्हातान्हात फिरून. तो दमलेपणा रात्री झोपलं की उतरायचा, आणि त्यात काहीतरी केल्याचं सुखही असायचं. आताचा थकवा सकाळी डोळे उघडायच्या आधीच अंगावर येऊन बसलेला असायचा. भांडी घासलेली नसायची, केर काढलेला नसायचा आणि तरी हातपाय ओल्या पोत्यासारखे जड व्हायचे.

"काही काम नाही केलं, तरी थकली?" यजमान विचारायचे. त्यांच्या आवाजात राग नसायचा. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, विहारातली ती गोष्ट घडली.

पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना असते. पांढरं लुगडं नेसून मी दरवेळी जायची. त्या दिवशी गर्दी जास्त होती. वंदना झाली, खीर वाटली, सगळ्या बाया एकदम उठल्या आणि दाराकडे निघाल्या. मी त्यांच्या मधोमध होते. दार तसं मोठं आहे, पण समोर चपलांचा ढीग, मागे बाया, डावीकडे कुणाचं तरी लेकरू. दाराशी पोचले आणि पाय थांबले. मी पाय उचलायचा प्रयत्न केला तर टाचा जागच्या जागी थरथरल्या. मागच्या बाया थांबल्या. कोणीतरी विचारलं, "काय झालं वं समोर?" आणि जितकी मी घाई केली तितके पाय घट्ट झाले.

"नर्सबाईले पकडा, पडतीन त्या," एक बाई कळवळून म्हणाली. दुसरीने माझा हात धरला आणि पुढे ओढला. तिने मदतच केली होती. पण हात पुढे गेला, पाय गेले नाहीत, आणि मी चपलांच्या ढिगावर तोंडघशी पडले.

हाड मोडलं नाही. ओठ फुटला, गुडघा सोलला. बायांनी मला उचललं, पाणी दिलं, लुगड्यावरची माती झटकली. सगळ्या चांगल्या वागल्या. त्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं माझ्या हातून झाली होती. आता त्याच माझ्याकडे अशा पाहत होत्या, जसं आपण आजाऱ्याकडे पाहतो. ते पाहणं मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर मी बाहेर जाणं बंद केलं. ठरवून नाही. पुढच्या पौर्णिमेला म्हणाले, अंगात बरं नाही. बोडीकडे जायचं तर म्हणाले, आज ऊन आहे. मग कारण सांगायचीही गरज राहिली नाही. पडवीत प्लास्टिकची खुर्ची होती, त्यात मी बसून राहायची. धान कापणीला आलं, कापून झालं, चुरणं, म्हणजे मळणी, झालं, आणि मी त्या खुर्चीतून सगळं पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं. यजमान ओंजळीत नवे तांदूळ घेऊन आले आणि म्हणाले, "वास घेऊन पाय नं." मी वास घेतला, "चांगला आहे" म्हणाले, आणि मला काही वाटलं नाही.

चालणं आणखी बिघडलं. आधी दारात अडायची, आता मोकळ्या अंगणातही पावलं बारीक बारीक पडू लागली. न्हाणीपर्यंत जायलाही यजमानांचा खांदा लागायचा.

मोठी बहीण, जिला मी बाई म्हणते, पवनीकडे राहते. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि ते सगळे पुनर्वसनाच्या गावात आले. ती रोज फोन करायची. पूर्वी आमचं बोलणं लवकर संपायचं नाही. त्या महिन्यांत मी "हो", "नाही", "ठेवते" एवढंच बोलायची. एक दिवस तिने यजमानांना फोन करून सांगितलं, "जावईबापू, तिचे पाय राहू द्या, तिचा आवाज बिमार होऊन राहिला. डाक्टरले आवाजाचं सांगजा."

यजमानांना वाटलं, आजार वाढला, गोळी वाढवावी लागेल. म्हणून ते मला घेऊन नागपूरला गेले. डॉक्टर मॅडमनी मला पुन्हा चालायला लावलं. मी भिंतीला हात लावत गेले आणि आले. त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या.

"या दोन-तीन महिन्यांत एखादा दिवस चालणं बरं झालं, असं आठवतं?"

यजमान म्हणाले, "मॅडम, रोजच त्रास आहे." मग थांबून म्हणाले, "एक दिवस मात्र... दिवाळीनंतर हिची बहीण आली होती. दोघी बोलत बोलत बोडीपर्यंत गेल्या. मी पाहतच राह्यलो."

"त्या दिवशी गोळी वेगळी होती?"

"नाही जी. तेच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काही करावंसं वाटतं का? एखादी गोष्ट खावीशी, कुणाला भेटावंसं?"

"नाही," मी म्हणाले. "पण मले रडू येत नाही मॅडम. मी काही दुःखात नाही."

"रडू यायलाच पाहिजे असं नाही. काहीच नकोसं वाटणं, हीसुद्धा उदासी असते." मग त्यांनी सावकाश समजावलं. आजार झाला म्हणून माणूस उदास होतो, ते तर असतंच. पण या आजारात मेंदूत जे बदल होतात त्यांचा परिणाम मनावरही होतो. मन खचलं की पाऊल आणखी आखडतं, दारात किंवा गर्दीत घाबरलं की पाय जास्त अडतात. आणि पाऊल आखडलं की माणूस घरात बसतो आणि मन आणखी खचतं. "थकवा ही तिसरी गोष्ट," त्या म्हणाल्या. "तो उदासीबरोबर येतो, पण कधी तिच्याशिवायही असतो. तो खरा आहे. आळस नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी यजमानांकडे पाहून म्हटलं नव्हतं. तरी यजमानांनी मान खाली घातली.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, म्हणजे थकव्याला दुसरं काही कारण नाही ना ते कळेल. झोपेचं विचारलं. चालण्याची गोळी होती तेवढीच ठेवली. मनासाठी एक छोटी गोळी दिली आणि तिला लागू पडायला काही आठवडे जातील हेही बजावलं. भंडाऱ्याला फिजिओथेरपीला जायला सांगितलं.

एसटीत यजमान हळू आवाजात म्हणाले, "ते मनाची गोळी गावात सांगू नको कोणाले."

"काहून?"

"लोकं पागल म्हणतात."

मी नर्स होते. टीबीची गोळी लपवून खाणारे मी पाहिले होते, आणि लपवल्यामुळे ती मध्येच सोडणारेही. "मी सांगन," मी म्हणाले. "साखरेची गोळी सांगतो, बीपीची सांगतो, मंग हे काहून नाही?" कितीतरी दिवसांत मी त्यांच्याशी वाद घातला नव्हता. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "सांग बाप्पा. तुले जसं वाटते तसं कर."

गोळीने जादू केली नाही. पहिले काही दिवस तर नुसती मळमळ झाली. मग एका सकाळी शेजारच्या घरातून हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा वास आला आणि मला तो खावासा वाटला. एवढंच. मी यजमानांना म्हटलं, "भाकर करा नं." त्यांनी जाड, एका बाजूने करपलेली भाकर केली, शेजारून ठेचा मागून आणला, आणि मी चवीने खाल्ला.

भंडाऱ्याच्या फिजिओथेरपिस्टने पाय अडल्यावर काय करायचं ते शिकवलं. ओढायचं नाही, झगडायचं नाही. आधी थांबायचं. श्वास घ्यायचा. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर, मग परत. नंतर समोर एखादी रेघ आहे असं धरून मोठं पाऊल टाकायचं. यजमानांनी यात स्वतःची भर घातली. मी अडले की ते आपली काठी माझ्या पायांसमोर आडवी ठेवायचे आणि म्हणायचे, "हे लांघ." सपाट जमिनीवर जो पाय उचलत नव्हता, तो काठी ओलांडायला उचलायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर उपकेंद्रातली आताची नर्स घरी आली. तीसपस्तिशीची, बोलकी. म्हणाली, "मॅडम, उद्या लसीकरण हाये. दोन-तीन घरच्या सुना लेकरं आणत नाहीत. मागच्या वेळी ताप आला म्हणून भिऊन राहिल्या. तुमचं ऐकतीन त्या. नुसत्या येऊन बसजा."

तिथेही गर्दी असणार, दार असणार. पण मी "येते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी चालत गेले. यजमान काठी घेऊन बरोबर होते, तिची गरजच पडली नाही. अंगणवाडीच्या आवारात बाया होत्या, रडणारी लेकरं होती, लसीच्या डब्यातल्या बर्फाचा तो गार वास होता. मी त्या सुनांजवळ बसले. ताप का येतो, किती येतो, कधी दवाखान्यात न्यायचं, हे सांगितलं. एकीच्या लेकराला मांडीवर घेतलं. माझा हात अलीकडे थोडा कापू लागला होता. तिने ते पाहिलं आणि विचारलं, "हे काय होते तुमाले?"

"पार्किन्सन," मी म्हणाले. "पाय अडते, हात थोडा कापते. मनाचीबी गोळी घेते मी." तिने मान हलवली आणि लेकराची चड्डी सरळ केली. जगबुडी झाली नाही.

दोन तास मी तिथे होते. परतताना अर्ध्या वाटेत, मोरीच्या लहान पुलाजवळ, अंगातलं सगळं बळ कुणी काढून घेतल्यासारखं झालं. मन आनंदात होतं, तरी पाय शिसं झाले. मी मोरीच्या कठड्यावर बसले ते कितीतरी वेळ. ऊन तापलं तेव्हा यजमानांनी कुणाची तरी मोटारसायकल थांबवून मला घरी आणलं.

पुढच्या दिवशी मी खाटेवरून उठू शकले नाही. यजमानांच्या डोळ्यांत आदल्या दिवसाचा आनंद अजून होता. ते म्हणाले, "काल तं पोरीवानी चालत गेली. आज काय झालं? उठ नं, बोडीवर जाऊ."

"नाही होत."

"काल झालं नं? मंग मनावर घे थोडं."

मला राग आला. "मनच काल घेऊन गेलं मले. आज मन हाये, पण आंग नाही. दोन्ही अलग हायेत, समजत काहून नाही तुमाले?"

ते उठून बाहेर गेले. त्यांना लागलं होतं. मलाही वाईट वाटलं, पण बोलून गेल्यावर मला स्वतःलाच एक गोष्ट स्वच्छ दिसली. इतके महिने मी उदासी आणि थकवा एकाच गाठोड्यात बांधत होते. उदासी असली की चालायला निघावंसंच वाटत नाही, आणि निघालं तरी पाऊल आखडतं. थकव्यात निघावंसं वाटतं, पण अंगात शक्ती नसते. उदास दिवशी कोणी गोडीने बाहेर काढलं तर बरं वाटतं. थकलेल्या दिवशी बाहेर काढलं तर पडायची वेळ येते. बाहेरून दोन्ही दिवस सारखेच दिसतात. खुर्चीत बसलेली बाई.

दुपारी ते चहा घेऊन आले. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग मले कसं समजन, आज कोणचं हाये?"

"मले इचारा," मी म्हणाले. "मी सांगन."

तेव्हापासून सकाळी ते तेच विचारतात. "आज मन का आंग?" कधी मी म्हणते मन, तेव्हा ते मला चपला आणून देतात. कधी म्हणते अंग, तेव्हा ते पडदा ओढून देतात. कधी दोन्ही, तेव्हा ते नुसते जवळ बसतात आणि धानाच्या भावापासून शेजारच्या बकरीपर्यंत काहीबाही बोलतात.

आणखी एक सवय आम्ही लावून घेतली. आधी मी चालून दमायची आणि मग पडायची. आता चालायच्या आधी पडते. कुठे जायचं असलं की तासभर डोळे मिटून खाटेवर. याची मला फार लाज वाटायची. रोवणीच्या दिवसांत सगळ्या बाया कमरेत वाकून चिखलात उभ्या असताना आपण भर दिवसा लोळतो आहोत, हे कसं दिसेल? एका शेजारणीने दारातून डोकावून विचारलंही, "झोपल्या का जी, येवढ्यात?"

"चालायचं हाये मले," मी म्हणाले. तिला ते उत्तर विचित्र वाटलं असणार. तासाभराने मी शेताच्या धुऱ्यापर्यंत चालत गेले आणि रोवणी करणाऱ्या बायांमध्ये बसून चहा प्याले. शेजारीण त्यांच्यातच होती. तिने जागा करून दिली.

हिवाळ्यात बाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला प्रवास बंद होता. फोनवर ती म्हणाली, "मी नाही येऊ शकत. तू येत का?"

करडीकडून भंडारा, भंडाऱ्याहून पवनी, पुढे ऑटो. पूर्वी हे काहीच नव्हतं. आता आम्ही दोघांनी लढाईला जावं तशी तयारी केली. आदल्या दिवशी मी कुठलंच काम केलं नाही. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पोचलो तेव्हा पाय जड झाले होते. यजमानांनी एक रिकामा बाक शोधला. मी पिशवी उशाला घेतली आणि चक्क आडवी झाले, भर बसस्टँडवर. लोक जात-येत होते. यजमान पायथ्याशी ताठ बसले होते, कोणी काही बोललं तर उत्तर द्यायला. कोणी काही बोललं नाही. पवनीची एक गाडी आम्ही जाऊ दिली आणि पुढची पकडली.

बाईच्या गावात सगळी घरं एका ओळीत, एकसारखी. पहिल्या वर्षी ती स्वतःच दुसऱ्याच्या घरात शिरायची, असं ती सांगते. आता तिच्या दारापुढे मोठं पपईचं झाड आहे, तीच खूण. ऑटो थांबला. बाई दारात उभी होती, काळा चष्मा लावून, हात पुढे करून. तिला मी धूसर दिसत असणार.

मला इतका आनंद झाला की छातीत धडधड सुरू झाली. पायऱ्या चढले. उंबऱ्याशी आले. आणि पाय अडले.

विहाराचं दार आठवलं. यजमान काठी पुढे करायला लागले. पावलांचा आवाज थांबला, त्यावरून बाईने ओळखलं. "अडली का?"

"हो."

"थांब मंग. काही घाई नाही." आणि ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खाली बसली. मग यजमानांना म्हणाली, "जावईबापू, खुर्ची आणा तिच्यासाठी. येथंच बसू आमी."

मी उंबऱ्याच्या बाहेर खुर्चीत बसले, ती आत जमिनीवर. तिच्या सुनेने चहा तिथेच आणला. बाईने मला ऑपरेशनचं सांगितलं, डॉक्टरने डोळ्यात थेंब टाकले तेव्हा ती कशी ओरडली तेही. मी तिला बसस्टँडवर झोपल्याचं सांगितलं. ती इतकी हसली की चष्मा सावरावा लागला.

"डोळ्याले पाणी नाही लागू द्यायचं म्हणते डाक्टर," ती म्हणाली, "आणि तू हसवून राहिली मले."

बोलता बोलता छातीतली धडधड कधी थांबली, कळलं नाही. थोड्या वेळाने मी उठले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, आणि उंबरा ओलांडला. बाई तेव्हा सुनेला पपई कापायला सांगत होती. मी आत आले, हे तिला मी शेजारी बसल्यावर कळलं.

आम्ही आठवडाभर राहिलो. दुपारी दोघी झोपायचो, आणि संध्याकाळी ओळीच्या टोकापर्यंत जायचो. तिला खड्डे दिसत नव्हते, ते मी सांगायची. मी अडले की ती थांबायची. मधले दोन दिवस मी उठलेच नाही, आणि तिने त्याचं कारण विचारलं नाही.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. आजार थोडा पुढे सरकला आहे, हे मला माझ्या बोटांवरून कळतं. मनाची गोळी मॅडमनी सुरूच ठेवली आहे. पौर्णिमेला मी विहारात जाते, सगळ्या बाया बाहेर पडेपर्यंत आत बसून राहते, आणि मग दार मोकळं झालं की सावकाश निघते. एखादी तरी बाई माझ्याबरोबर मागे थांबते. कालच्या पौर्णिमेला ती ठेच्यावाली शेजारीण थांबली होती. सतरंजी गुंडाळता गुंडाळता तिने आपल्या सुनेची तक्रार सांगितली. ती इतकी लांबली की आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते.